रत्नागिरीत राहून कथकचा क्लास आणि स्वतःचे कार्यक्रम, दोन्ही जमतं का?

जमतं. पण पोट क्लासवर चालतं, कार्यक्रमांवर नाही, हे आधीच धरून चाला.

माझ्या क्लासला जूनमध्ये मुली भरपूर येतात आणि गणपतीच्या आठवडाभर आधी निम्म्या गायब. रागवून उपयोग नाही, मीही त्याच आठवड्यात मखराच्या मागे असते. पालक टिकतात ते गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे. प्रारंभिकपासून विशारदपर्यंत पायऱ्या आहेत, दाखवायला प्रमाणपत्र मिळतं. मात्र नुसतं परीक्षेपुरतं शिकवलं की मुली तोडे, म्हणजे नाचाच्या बोलांचे छोटे तुकडे, पाठ म्हणतात, पण पाय समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येत नाही. म्हणून पहिले दोन महिने मी फक्त तत्कार, म्हणजे तालावर पायांचं मूळ काम, घेते: ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्, आधी ठाय म्हणजे संथ, मग दुगुन, चौगुन म्हणजे दुप्पट, चौपट लयीत. कंटाळतात, कंटाळू देत.

खरी गोची स्वतःच्या रियाजाची. संध्याकाळभर दुसऱ्यांचे हात सरळ करून आपले पाय जड होतात. मी पहाटेचा दीड तास राखून ठेवलाय. तबलजी रोज कुठला मिळायला? मोबाईलवर तीनतालाचा लेहरा, म्हणजे सोळा मात्रांत फिरून फिरून वाजणारी धून, लावते.

कार्यक्रम मुख्यतः देवळांच्या उत्सवांत मिळतात. मानधनातले बरेचसे पैसे साथीदारांना जातात, कधी नारळ आणि शालीवरच भागतं.

आणि हो, पावसाळ्यात घुंगरं पिशवीत कोंबू नका. दोरी कुजते, पितळ हिरवं पडतं. खुंटीला टांगा. टाइल्सवर तर अजिबात नाचू नका, माझा डावा गुडघा त्यातच गेला.