पोटॅशियम नॉर्मल आलं, तरी शंका सोडू नका

प्रश्न : माझ्या १६ वर्षांच्या मुलाला वर्षभरात चारदा पहाटे जाग आली तेव्हा हातपाय उचलता येईनात. दुपारपर्यंत तो आपोआप बरा होतो. दुसऱ्या दिवशीचे सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात, त्यामुळे ‘मानसिक आहे’ असं सांगितलं गेलं. पुढे काय करावं?

उत्तर : शुद्ध पूर्ण, स्पर्श कळतो, पण हातापायांत जोर नाही आणि काही तासांत सगळं पूर्ववत. हे वर्णन ‘पिरिऑडिक पॅरालिसिस’ या दुर्मीळ, आनुवंशिक आजाराशी जुळतं. मुलावर मानसिकतेचा शिक्का मारून थांबू नका.

या आजाराच्या नेहमीच्या प्रकारात अटॅकच्या वेळी रक्तातलं पोटॅशियम स्नायूंच्या पेशींमध्ये शिरतं आणि रक्तातली पातळी घटते. ते शरीराबाहेर गेलेलं नसतं, म्हणून अटॅक ओसरताच पातळी पूर्ववत होते. दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टवरून आजार नाही असं म्हणताच येत नाही. रक्त अटॅक चालू असतानाच, पोटॅशियम देण्याआधी घ्यायला हवं. दंडाला पट्टा घट्ट बांधून मूठ उघडझाक करायला लावली किंवा नमुन्यातल्या पेशी फुटल्या, तर पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं; शंका असेल तर नमुना पुन्हा द्या. त्याच वेळी ईसीजी काढून घ्या.

आदल्या दिवशी दमछाक करणारा खेळ आणि रात्री भरपूर भात किंवा गोड झालं होतं का, हे लिहून ठेवा; नेहमीच्या प्रकारातले अटॅक अशाने येतात. उपाशी राहिल्यावर किंवा थंडीत अटॅक येत असतील, तर पोटॅशियम वाढणाऱ्या प्रकाराची शक्यता असते. त्यात पोटॅशियमचं औषध घातक ठरतं, म्हणून ते घरच्या घरी देऊ नका. उलट पोटॅशियम घटलेलं असताना ग्लुकोजचं सलाईन लावलं, तर अशक्तपणा वाढतो. हे इमर्जन्सीतल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

थायरॉईडची तपासणी टाळू नका; थायरॉईडचं संप्रेरक वाढल्यानेही हुबेहूब असेच अटॅक येतात आणि तो आजार बरा होतो. मूत्रपिंडातून पोटॅशियम वाया जात नाही ना, हे लघवीच्या तपासणीतून आणि रक्तातल्या बायकार्बोनेटवरून (आम्ल-अल्कचा तोल दाखवणारा घटक) कळतं. छातीत धडधड किंवा चक्कर येऊन पडणं असेल, तर ‘अँडरसन-टाविल सिंड्रोम’ या याच आजाराच्या एका प्रकाराचा विचार व्हायलाच हवा. त्यात हृदयाचे ठोके बिघडतात.

जनुकीय चाचणीत सीएसीएनए१एस, एससीएन४ए आणि केसीएनजे२ ही जनुकं पाहतात. बऱ्याच रुग्णांत दोष सापडत नाही, त्यामुळे निगेटिव्ह रिपोर्टने निदान रद्द होत नाही. अशा वेळी न्यूरोलॉजिस्टकडून ‘लाँग एक्सरसाइज टेस्ट’ करून घ्या : करंगळीच्या स्नायूला पाच मिनिटं व्यायाम देऊन पुढे ४० ते ५० मिनिटं त्याचे विद्युत प्रतिसाद मोजतात. ते सर्वोच्च पातळीपासून ४० टक्क्यांहून अधिक घसरले, तर निदानाला बळ मिळतं.

श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास झाला, तर अटॅक ओसरण्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.