बाहेरच्या इमेज आणि आपलं कुलूप

प्रश्न: आमची साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे एन्क्रिप्टेड जोडणीवर नेली, सर्टिफिकेटही नीट बसलं. पण लेखक मंडळी लेखात बाहेरच्या साइट्सवरच्या इमेजच्या लिंक टाकतात, त्यातल्या बऱ्याच जुन्या एचटीटीपीच्या. कुठे इमेज दिसत नाही, कुठे ब्राउझरच्या पत्त्याशेजारचं कुलूपच गायब. लिंकमध्ये फक्त एक एस वाढवला तर चालेल का?

उत्तर: नाही हो, तेवढ्याने भागत नाही. समोरच्या सर्व्हरवर एचटीटीपीएस असेल तर इमेज येईल, नसेल तर रिकामा चौकोन. तसंही क्रोम आता स्वतःच अशी लिंक एचटीटीपीएसने मागून बघतो आणि नाही मिळाली तर इमेज सोडून देतो, फायरफॉक्सही 2024 पासून तेच करतो. आणि इमेज आली तरी तुमच्या वाचकाचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) त्या तिसऱ्याच सर्व्हरला कळतोच, मला तर हे कुलपापेक्षा जास्त खटकतं.

माझं मत विचाराल तर इमेज प्रॉक्सी बसवा. म्हणजे वाचकाचा ब्राउझर इमेज तुमच्याकडे मागणार, तुमचा सर्व्हर ती बाहेरून आणून एचटीटीपीएसवरून देणार. गिटहबने 2010 मध्ये याचसाठी कॅमो नावाचा प्रॉक्सी आणला, जीमेलही 2013 पासून मेलमधल्या इमेज स्वतःच्या सर्व्हरमार्फत दाखवतं. फक्त एक ध्यानात ठेवा, मूळ साइट एचटीटीपी असेल तर तिथून तुमच्यापर्यंतचा रस्ता उघडाच राहतो.

आता खरी काळजी इथे घ्या. प्रॉक्सी मोकळा सोडला तर कुणीही तुमच्या बँडविड्थवर वाट्टेल ते ओढेल, म्हणून प्रत्येक लिंकवर गुप्त की वापरून एचमॅक सही (लिंक आणि की मिळून बनणारा कोड) करायची आणि सही जुळली नाही की सरळ 404, म्हणजे 'सापडलं नाही' असं उत्तर. पण लोक इथेच थांबतात आणि फसतात, कारण लेखकाने टाकलेल्या लिंकवर सही तुमचाच कोड करतो ना, मग त्याने इमेजच्या जागी 169.254.169.254 टाकलं, म्हणजे बऱ्याच क्लाउडवर सर्व्हरची अंतर्गत माहिती मिळते तो पत्ता, तर तुमचा प्रॉक्सी इमानदारीत तिथे जाऊन दार ठोठावणार. त्यामुळे 127, 10, 192.168 ने सुरू होणारे असले सगळे आतले पत्ते, आयपीव्ही6 मधलेसुद्धा, बंद करा. डोमेनच्या नावावर विसंबू नका, नावामागचा आयपी काढा, तो तपासा आणि कनेक्शन त्याच आयपीला जोडा, नाहीतर मधल्यामधे डीएनएस (नावामागचा आयपी सांगणारी नोंद) बदलून कुणी आत शिरेल. रीडायरेक्ट आला, म्हणजे समोरच्याने दुसऱ्या पत्त्यावर पाठवलं, की हे सगळं परत पहिल्यापासून.

बाकी साइजला मर्यादा (कॅमोमध्ये डिफॉल्ट 5 एमबी आहे), टाइमआउट, कॅशे (आणलेली इमेज साठवून ठेवणं) हे करालच. एसव्हीजी (कोडने लिहिलेलं चित्र) मात्र सरळ नाकारा, त्यात स्क्रिप्ट लपवता येते. जेपेग, पीएनजी, गिफ, वेबपी एवढेच प्रकार येऊ द्या, नोस्निफ हेडर लावा (म्हणजे ब्राउझर फाइलचा प्रकार स्वतः अंदाजाने ठरवणार नाही), आणि प्रॉक्सी वेगळ्या डोमेनवर ठेवा म्हणजे काही निसटलंच तरी तुमच्या लॉगिन कुकीपर्यंत पोचणार नाही. मग कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीत, म्हणजे काय कुठून लोड करायचं हे ब्राउझरला सांगणाऱ्या नियमांत, इमेजसाठी तुमची साइट आणि ते डोमेन, एवढंच ठेवा, म्हणजे एखाद्या लेखात जुनी थेट लिंक राहिली असेल तर ब्राउझरच्या कन्सोलमध्ये लगेच सापडेल.