जादू आणि असमान मैत्रीवर यंग अडल्ट कादंबरी लिहितेय, शेवटी दुसरीलाही जादू द्यावी का?

तुम्ही लिहिलंय की परळच्या चाळीतल्या सतरा वर्षांच्या दोन मैत्रिणी आहेत, एकीला जादू येते, दुसरीला नाही, आणि शेवटी दुसरीलाही ती मिळावी का यावर तुम्ही अडलाय. माझं स्पष्ट मत, देऊ नका. आणि गोष्ट तिलाच सांगू दे जिला जादू येत नाही.

का ते सांगते. अकरावीपासून मी आणि माझी मैत्रीण मुलुंडहून माटुंग्याला कॉलेजला जायचो, रोजची ठरलेली स्लो लोकल, लेडीज डबा. बारावीत तिच्या बाबांनी तिला फर्स्ट क्लासचा पास काढून दिला. आमच्या गाडीत लेडीज फर्स्ट आणि सेकंड शेजारीशेजारी, मधे फक्त जाळी, तर सुरुवातीला आम्ही जाळीतूनच गप्पा मारायचो, ती तिकडच्या कोपऱ्यातल्या सीटवर, मी इकडे जाळीला चिकटून उभी, भांडुपपर्यंत मस्त चालायचं, मग घाटकोपरला गर्दी घुसली की मी ढकलली जायचे आणि मला तिची फक्त वेणी दिसायची. एकदा ती म्हणाली, अगं तुझाही पास बाबा काढतील, मी विचारलंय त्यांना. इतक्या प्रेमाने म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून मी आधीची गाडी पकडायला लागले.

तिने काहीही वाईट केलं नव्हतं, आणि हेच लिहायला सगळ्यात अवघड आहे. त्यामुळे तुमची जादूवाली मुलगी प्लीज गर्विष्ठ करू नका. तिला चांगलीच राहू दे, तिने देऊ केलेलंच दुसरीला टोचू दे.

जादूही लहान ठेवा. समजा तिने नळाला हात लावला की चाळीत पाणी येतं. ती स्वतःच्या आधी मैत्रिणीचा हंडा भरते, आणि काही दिवसांनी त्या मैत्रिणीची आई, जी जादूवाल्या मुलीला कालपर्यंत हक्काने ओरडायची, ती मुलगी दारात आली की लगबगीने खुर्ची पुढे करायला लागते. मला वाटतं उदासपणा अशा खुर्चीतून येईल, पानापानावर पाऊस पाडून नाही येणार.

आणि परळ निवडलंच आहे तर असमानता जादूच्या आधीपासून घरात असू शकते. दोघींचे आजोबा एकाच गिरणीत असतील, 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, त्यानंतर एक घर कसंबसं सावरलं आणि दुसरं नाही. आज जुन्या गिरणीच्या जागेवरचा टॉवर दोघींच्याही गॅलरीतून दिसतो पण दोघींना वेगवेगळा दिसतो.

शेवटाबद्दल म्हणाल तर आदिपर्वातले द्रोण-द्रुपद परत वाचा. लहानपणचे मित्र, पुढे एक राजा झाला आणि दुसऱ्याचा मुलगा पीठ कालवलेलं पाणी दूध समजून प्यायला. द्रोण मदत मागायला गेले तर द्रुपद म्हणाला मैत्री बरोबरीच्यांत असते. मग द्रोणांनी शिष्यांकरवी त्याला पकडून आणलं, अर्धं राज्य ठेवून घेतलं, अर्धं परत केलं, आता आपण बरोबरीचे म्हणाले. झाली बरोबरी, पण मैत्री परत आली का? द्रुपदाने यज्ञ केला आणि त्या अग्नीतून धृष्टद्युम्न निघाला, द्रोणांना मारणारा. दुखावलेल्या मैत्रीतून जन्मलेली जादू यापेक्षा भारी कुठे मिळणार?

सुदाम्याचे पोहे आपण कौतुकाने सांगतो, मला मात्र कायम घरी परतल्यावर झोपडीच्या जागी महाल बघून रस्त्यातच थांबलेला सुदामा दिसतो. तुमची दुसरी मुलगी तिथे उभी करा, आणि तिला आत जायचंय की नाही हे तिला ठरवू द्या. माझ्या मैत्रिणीला मी त्या पासबद्दल कधीच काही बोलले नाही, तुमच्या मुलीला निदान एकदा तरी तोंडावर बोलू द्या.