काळेनिळे डाग पाहून गोळी बंद करावी का?

रक्त पातळ करणारी गोळी घेणारे आईवडील एकदा पडले, की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : आता ही गोळी बंदच केलेली बरी नाही का?

गेल्या मे महिन्यात नागपूरच्या मानेवाडा भागातील एक गृहस्थ आपल्या 72 वर्षांच्या आईला घेऊन धंतोलीतील आमच्या समुपदेशन कक्षात आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) हृदयाचे ठोके अनियमित पडत असल्याने आजी असिनोकुमारॉल ही रक्त पातळ करणारी गोळी घेत होत्या. कुलरमधून गळलेल्या पाण्यावर पाय घसरून त्या पडल्या आणि दंडावर मोठा जांभळा डाग उमटला. "मॅडम, हा डाग रोज खाली सरकून राहिला. आतून रक्त वाहूनच राहिलं असेल ना?" असे मुलाने विचारले.

त्वचेखाली साचलेले रक्त आपल्याच वजनाने खाली उतरते, त्यामुळे दंडाचा डाग कोपरापर्यंत दिसू लागतो आणि पुढे हिरवट, पिवळसर होत साधारण दोन-तीन आठवड्यांत विरतो, हे मी त्यांना सांगितले. मात्र डागाच्या कडेने पेनाची रेघ ओढून ठेवावी आणि सूज वाढत असेल, जागा कडक होत असेल किंवा बोटे बधिर पडत असतील, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. तेल लावून चोळणे मात्र कटाक्षाने टाळावे; आपल्याकडे मुका मार लागला, की पहिला हात तेलाच्या बाटलीकडेच जातो.

डोक्याला मार लागला होता का, असे मी विचारताच मुलगा "नाही" म्हणाला आणि आजींनी मान खाली घातली. कपाटाचा कोपरा कानामागे लागला होता. पण हे कळले तर टेकडी गणपतीला एकटीने जाणे बंद होईल, या धास्तीने त्यांनी ते लपवले होते. वृद्ध माणसे पडल्याचे का लपवतात, याचे उत्तर बहुतेक वेळा घरच्यांच्या रागावण्यात सापडते. डॉक्टरांनी त्याच दिवशी सीटी स्कॅन करून घेतला आणि तो सुदैवाने स्वच्छ आला. तरीही मेंदूच्या आवरणाखालचा रक्तस्राव कधी कधी काही आठवड्यांनीही लक्षात येतो, म्हणून वाढती डोकेदुखी, उलटी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, चालताना तोल जाणे किंवा एका बाजूची शक्ती कमी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास मध्यरात्रीसुद्धा रुग्णालय गाठायचे, असे मी मुलाला लिहून दिले. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, हे दाखवणारा आकडा) तपासावा न लागणाऱ्या अपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्या घेणाऱ्यांनाही हेच लागू पडते.

रक्ततपासणीत आयएनआर 4.6 निघाला, आजींसाठी तो 2 ते 3 या मर्यादेत हवा होता. खोदून विचारल्यावर कळले, की उन्हाळ्यात पोट बिघडले म्हणून दुकानातून परस्पर मेट्रोनिडाझोल आणून त्यांना दिले गेले होते. या औषधाने असिनोकुमारॉलचा परिणाम बराच वाढतो. डॉक्टरांनी गोळी दोन दिवस थांबवून, फेरतपासणीनंतर पुन्हा सुरू केली, तेव्हा मुलगा अस्वस्थ झाला. थांबवलीच होती, तर पुन्हा कशाला?

त्याचे म्हणणे अनाठायी नव्हते, कारण डाग डोळ्यांना दिसतो आणि टळलेला पक्षाघात कोणालाच दिसत नाही. परंतु अशा अनियमित ठोक्यांमुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो आणि या गटातील औषधे तो जवळजवळ दोन-तृतीयांशाने घटवतात. कॅनडातील संशोधकांनी 1999 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, पडण्यामुळे होणाऱ्या मेंदूतील रक्तस्रावाचा धोका वॉरफरिन या असिनोकुमारॉलच्याच गटातील औषधाच्या फायद्याहून जास्त ठरण्यासाठी माणसाला वर्षात सुमारे 295 वेळा पडावे लागेल. हा कागदावरचा हिशेब आहे, प्रत्येक रुग्णाचा निर्णय त्याच्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. तरी केवळ पडण्याच्या भीतीने गोळी सोडणे किती महागात पडू शकते, हे त्यावरून कळते.

इलाज पडण्यावर करायचा होता. नागपूरच्या 45 अंशांच्या उन्हात शरीरातील पाणी घटते, त्यात रक्तदाबाची गोळी चालू असली, की अंथरुणातून झटकन उठताना चक्कर येते. म्हणून आधी क्षणभर काठावर बसावे, मग उभे राहावे, असे आजींना शिकवले. कुलरची गळती दुरुस्त झाली आणि न्हाणीघरात आधाराची दांडी बसली. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅकसारखी गोळी किंवा इंजेक्शन परस्पर घ्यायचे नाही, आणि कोणत्याही दवाखान्यात रक्त पातळ करणाऱ्या गोळीचे नाव आधी सांगायचे, हेही ठरले.

पुढच्या तपासणीत आयएनआर 2.4 आला. टेकडी गणपतीच्या दर्शनाला आजी आता चतुर्थीची गर्दी टाळून, नातवाला सोबत घेऊन जातात.