निवृत्त टूरिंग कारचा माग : नवोदितांसाठी

टूरिंग कार म्हणजे रस्त्यावरच्या मोटारीवर आधारलेली शर्यतीची गाडी; अशा निवृत्त गाडीचा खरा इतिहास शोधायचा तर ऑस्ट्रेलियात १९८५ ते १९९२ या काळात धावलेल्या ग्रुप ए (टूरिंग कार शर्यतींचा एक नियमगट) गाड्यांपासून आरंभ करावा, असे मी सुचवीन, कारण तेथे शर्यतीच्या गाडीला लॉगबुक दिले जाई आणि तिने कोठे भाग घेतला याच्या नोंदी त्यात होत असत. रंगसंगतीवर मात्र मुळीच विसंबू नका. १९८९ मध्ये डिक जॉन्सन व जॉन बो या चालकांनी ऑस्ट्रेलियातील बाथर्स्टची शर्यत ज्या फोर्ड सिएरातून जिंकली, तिच्यासारखी वेशभूषा कोणत्याही सिएराला चढवता येते. कित्येक सिएरा नुसत्या बॉडीशेलपासून (गाडीच्या रिकाम्या सांगाड्यापासून) बांधल्या गेल्या, त्यामुळे रस्त्यावरच्या नोंदणीचा पुरावा मिळेलच असे नाही. अशा वेळी संघाने दिलेला क्रमांक, रोलकेजचे (चालकाच्या रक्षणासाठी आत बसवलेल्या नळ्यांच्या पिंजऱ्याचे) सांधे आणि दुरुस्तीच्या खुणा जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहाव्यात. खरी गुंतागुंत अपघातानंतर होते: यंत्रभाग नव्या शेलमध्ये जातात, टाकून दिलेला शेलही पुढे कोणी दुरुस्त करतो आणि एकाच इतिहासावर दोन गाड्या दावा सांगतात. त्यात माझ्या मते शेलला अधिक वजन द्यावे, जरी विक्रेत्यांना हे रुचत नसले तरी. मालकांची साखळी मात्र आजच्या मालकाकडून मागे न्या आणि प्रत्येक हस्तांतरासाठी पावती किंवा पत्र मागा.