तिला ‘शॉटगन’ म्हणालो, तिथेच चुकलो

तुमचा प्रश्न वाचला आणि सहा वर्षांपूर्वीचे आमचे दिवस आठवले. ग्रीन कार्ड नुकतंच हातात आलंय, टेक्सासात घर घेतलंय, घराच्या रक्षणासाठी मॉसबर्ग ५९० शॉकवेव्ह घ्यायचीय आणि वर्षभरात कॅलिफोर्नियाला बदली होण्याची शक्यता आहे. तुम्ही विचारलंय, ‘छोटी शॉटगनच आहे, सोबत नेता येईल ना?’

नाही नेता येणार. आणि तुमच्या प्रश्नातला ‘शॉटगन’ हाच शब्द मला सगळ्यात महाग पडला होता.

बंदूक विकत कशी घ्यायची, चौकशी कशी होते, हे तुम्हाला दुकानदार सांगेलच. मी वकील नाही, हे आधीच सांगतो. पण या बंदुकीचं वर्गीकरण नीट कळलं नाही तर पुढचं सगळं चुकतं. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कायद्यात शॉटगन म्हणजे खांद्याला टेकवून झाडण्यासाठी बनवलेली बंदूक. तिची नळी १८ इंचांहून किंवा एकूण लांबी २६ इंचांहून कमी असेल तर ती १९३४च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली येते, म्हणजे आधी नोंदणी. शॉकवेव्हची नळी १४ इंचांची आहे, पण तिला कारखान्यातच दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, बसवलेला नाही, पक्ष्याच्या मानेसारखी वाकडी मूठ आहे. म्हणून ती शॉटगनच ठरत नाही. एकूण लांबी २६ इंचांहून जेमतेम जास्त, त्यामुळे ‘लपवण्याजोगं हत्यार’ या वर्गातही बसत नाही. उरते ती नुसती ‘फायरआर्म’. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरताना ती ‘अदर’ म्हणून लिहिली जाते. म्हणूनच दुकानातून घ्यायला वय २१ लागतं आणि ती आपल्याच राज्यातल्या दुकानातून घ्यावी लागते.

पण हे झालं फेडरलचं. राज्यांचे कायदे वेगळे. तुमच्या टेक्सासातसुद्धा राज्याचा कायदा बदलून १ सप्टेंबर २०१७पासून ती चालायला लागली, त्याआधी नाही. आणि कॅलिफोर्नियात खांदा आणि दस्ता हा मुद्दाच येत नाही. शॉटगनचं काडतूस उडवणारी आणि १८ इंचांहून आखूड नळीची बंदूक तिथे ‘आखूड शॉटगन’च धरतात, आणि ती जवळ बाळगणं गुन्हा आहे.

माझ्याकडेही हीच शॉकवेव्ह होती. कॅलिफोर्नियाला बदली ठरली तेव्हा मी एका सरकारी कार्यालयात फोन केला. तीन वेळा होल्डवर ठेवल्यावर एक बाई बोलल्या. मी म्हणालो, ‘माझ्याकडे पंप ॲक्शन शॉटगन आहे,’ म्हणजे पुढची पकड मागेपुढे ओढून काडतूस भरायची. त्या म्हणाल्या, ‘काही हरकत नाही, राहायला आल्यावर ६० दिवसांत नोंद करा.’ नळी किती इंचांची, दस्ता आहे का, काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मला वाटलं, सरकारी माणूस बोलला म्हणजे विषय संपला. पुढे त्याच कार्यालयाला दोन ईमेल पाठवले, त्यांचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. याचा राग अजून गेला नाही माझा. माणसाचं आयुष्य ज्याच्यावर अवलंबून आहे असं उत्तर देताना एक साधा प्रश्न विचारायला काय होतं?

आमचं गाव कोकणात. आजोबांकडे रानडुकरांसाठी पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा, नंतर परत. परवाना आहे म्हणजे सगळं ठीक, हेच डोक्यात बसलेलं. इथे मात्र इंचावर आणि शब्दावर सगळं ठरतं.

निघालो. ॲरिझोनात मोटेलवर मुक्काम होता. बायको-मुलगी झोपल्यावर कागद लावायला बसलो आणि खरेदीची पावती हातात आली. प्रकार : ‘अदर फायरआर्म’. शॉटगन नाही. पोटात गोळा आला. रात्री दोनपर्यंत बाथरूममध्ये बसून फोनवर कॅलिफोर्नियाचं कलम वाचत होतो, आणि तिथे ती १८ इंचांची अट दिसली. सकाळी आधी वकिलाला फोन केला, मग परवानाधारक दुकान गाठलं आणि साडेचारशे डॉलरची बंदूक दोनशेला विकून टाकली. पैशांचं दुःख नाही. ग्रीन कार्डवाल्याला बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते. राज्याची हद्द एका दिवसावर राहिली होती.

आता मुळात ती घ्यावी का? माझं मत, पटलं तर घ्या : घरासाठी घेऊ नका. दस्ता नाही म्हणजे बारा गेजच्या जाड काडतुसाचा सगळा धक्का मनगटावर. कमरेपाशी धरून झाडली तर नेम लागत नाही, डोळ्यासमोर धरली तर मूठ तोंडावर आदळते. रेंजवर एकाचा ओठ फुटलेला मी पाहिलाय. पुढच्या हाताला पट्टा दिलाय तो शोभेसाठी नाही, हात घसरून नळीसमोर जाऊ नये म्हणून आहे. ४१० बोअरची, म्हणजे बारीक काडतुसाची, त्यातल्या त्यात सुसह्य. काही जण छोटी काडतुसं वापरतात, धक्का कमी होतो, पण माझ्या बंदुकीत ती अडकायची. दस्ता असलेली साडेअठरा इंची साधी पंप ॲक्शन तेवढ्याच पैशांत येते आणि ती बायकोलाही नीट चालवता येते.

घेतलीच तर तिला परस्पर दस्ता किंवा दुसरी आखूड मूठ लावू नका, वर्गच बदलतो आणि ती नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली येते. १ जानेवारी २०२६पासून अशा बंदुकीवरचा २०० डॉलरचा कर शून्य झालाय, पण आधी अर्ज आणि नोंदणी तशीच आहे, आणि नोंदणी नसेल तर १० वर्षांपर्यंत कैद आहे.

तुमच्या ओळखीतलं कोणी अजून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल तर त्याला हौसेनंही ती हाताळायला देऊ नका. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर त्यांना बंदूक बाळगायला मनाईच आहे.

आणि कुठल्याही कार्यालयाला विचाराल तेव्हा लेखी विचारा. मॉडेलचं नाव, नळीची लांबी, एकूण लांबी, दस्ता नाही, हे चारही लिहा. उत्तर आलं नाही तर वकिलाचे तीनशे डॉलर द्या. विकल्याची पावती मी ग्रीन कार्डच्या फाइलमध्ये ठेवली आहे, तुम्हीही तसंच करा.