रुबिनस्टाइनचा १९०७ चा डाव आणि आनंदचा २०१३ चा, दोन्ही एकापाठोपाठ बघा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, बुद्धिबळातल्या ग्रँडमास्टर्सचे गाजलेले डाव बघायचे तर सुरुवात कोणापासून करू आणि इंजिन (चाली मोजणारा संगणक प्रोग्राम) हाताशी असताना शंभर वर्षं जुने डाव बघून फायदा काय. मी दोन्हीला मिळून एकच जोडी सुचवतो. १९०७ चा रॉटलेवी विरुद्ध रुबिनस्टाइन, आत्ताच्या पोलंडमधल्या लॉद्झ शहरात झालेला, आणि २०१३ चा अरोनियन विरुद्ध आनंद, नेदरलँड्समधल्या वाइक आन झेचा. दोन्हीत काळा जिंकतो, एक २५ चालींत एक २३ चालींत, म्हणजे एका संध्याकाळी दोन्ही आरामात होतात.

आधी रुबिनस्टाइन. लोक एकदम वजीर सोडतो तिथे जातात, तुम्ही तसं करू नका, १४ व्या चालीला थांबा. पट जवळजवळ आरशासारखा दिसतो, दोन्हीकडे तीच प्यादी, तेच घोडे, तेच उंट. फक्त काळ्याचं कॅसलिंग (राजाला कडेला सुरक्षित नेणारी चाल) झालंय आणि हत्ती डी८ घरावर (अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या ओळीचा) येऊन बसलाय, पांढऱ्याचं यातलं काहीच नाही. का, तर रॉटलेवीनं वजीर आधी डी२ ला नेला मग ई२ ला, आणि डी३ वरचा उंट सी४ ला मारायला जाऊन परत डी३ ला आला. पांढरे मोहरे असून तो मागे पडला, पुढचं सगळं त्यातूनच निघालंय. मग २१ व्या चालीला काळ्याचा वजीर एच४ ला येतो, पांढरा जी३ करून त्याच्यावर हल्ला करतो आणि रुबिनस्टाइन वजीर हलवतच नाही, हत्तीनं सी३ चा घोडा मारतो, कारण ई४ च्या उंटाला तो घोडा सांभाळत होता. पांढरा वजीर मारतो, मग रुबिनस्टाइनचा दुसरा हत्ती थेट डी२ वर, कारण ई४ ला आता फक्त पांढरा वजीर सांभाळतोय, त्यालाही तिथून ओढायचं. मग उंटाचा शह, वजीर मध्ये येतो, तोही हा मारत नाही, शांतपणे हत्ती एच३ ला नेतो आणि मात थांबवता येत नाही. प्रत्येक चाल एकेक राखणदार काढून टाकते, हे एकदा दिसलं की डाव पाठ करावा लागत नाही.

आता हा माणूस कोण होता तेही वाचा, नाहीतर डाव नुसता आतषबाजी वाटतो. १९०९ ला सेंट पीटर्सबर्गला तो खुद्द जगज्जेत्या लास्करबरोबर संयुक्त पहिला आला आणि त्या स्पर्धेत लास्करला हरवलंही, त्या डावातला हत्तींचा एंडगेम (मोजकेच मोहरे उरल्यावरचा शेवटचा भाग) आजही शिकवतात. १९१२ मध्ये एका वर्षात पाच स्पर्धांत पहिला (ब्रेस्लाउला ड्यूरासबरोबर संयुक्त). लास्करशी जगज्जेतेपदाची मॅच १९१४ च्या शरद ऋतूत व्हायची होती, त्याआधी महायुद्ध सुरू झालं आणि ती मॅच कधीच झाली नाही. पुढे मानसिक आजार वाढत गेला, तरी १९३० च्या हॅम्बुर्ग ऑलिम्पियाडला (देशांच्या संघांची स्पर्धा) पोलंडच्या पहिल्या पटावर बसून १३ विजय ४ बरोबरी, एकही पराभव नाही, आणि पोलंडला सुवर्ण. दोनेक वर्षांत खेळणं थांबलं. १९५० ला फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेनं पहिल्यांदा ग्रँडमास्टर किताब दिले तेव्हा त्याला मिळाला, पण पटावरून उठून तोवर किती वर्षं झालेली. १९६१ ला बेल्जियममध्ये वारला. मला विचाराल तर जगज्जेता न झालेल्यांत सगळ्यात मोठा तोच.

आता दोन्ही डावांमधला दुवा बघा. १९२४ ला मेरान गावच्या स्पर्धेत रुबिनस्टाइननं ग्र्युनफेल्डविरुद्ध काळ्यानं सुरुवातीच्या चालींची जी पद्धत वापरून डाव जिंकला तिलाच आज मेरान व्हेरिएशन म्हणतात. आनंदनं २००८ ला बॉनमध्ये जगज्जेतेपदाच्या मॅचमध्ये क्रामनिकविरुद्ध तिसरा आणि पाचवा डाव काळ्यानं जिंकला ते मेरानमध्येच, आणि २०१३ चा आपला डाव तोही मेरान!

अरोनियन तेव्हा जगातल्या पहिल्या तिघांत होता. तो १३ व्या चालीला घोड्यानं एच७ चं प्यादं मारतो, आनंद तिकडे बघतही नाही, स्वतःचा घोडा जी४ ला नेतो. १५ व्या चालीला उंट सी५ वर, प्याद्याच्या तोंडात. १६ व्या चालीला दुसरा घोडा ई५ वर, तोही प्याद्याच्या तोंडात. इथे परत थांबा आणि पांढऱ्यानं एफ प्याद्यानं तो घोडा मारला तर काय हे स्वतः काढा, इंजिन बंद ठेवून. वजीर डी४ ला मारून शह, राजा एच१ ला, मग वजीर जी१ वर, राजाला तो मारता येत नाही कारण मागून सी५ चा उंट बघतोय, हत्तीनं मारावा लागतो आणि घोडा एफ२ वर मात, राजा स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेला. ही लाइन पटावर येत नाही पण सगळा डाव तिच्या जोरावर चालतो. माझी सगळ्यात आवडती चाल मात्र १९ वी. आनंद एक अख्खा हत्ती मागे आहे, एफ८ वरचा घोडा फुकट मारता येतोय, आणि तो नुसतं प्यादं एफ५ ला सरकवतो! जी४ चा घोडा पक्का झाला, पांढऱ्याच्या वजीराचा राजाकडे यायचा रस्ता बंद झाला. दोन्ही डाव शेजारी ठेवले की काळ्याचे दोन उंट राजाच्या दिशेनं रोखलेले आणि जी४ ला घोडा, तेच चित्र दिसतं. हा डाव खेळताना रुबिनस्टाइनचा तो जुना डाव आठवला होता हे आनंदनं स्वतः सांगितलंय. जुने डाव कशाला बघायचे याचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

काही जण म्हणतात आनंदच्या या चाली म्हणजे घरची तयारी होती, मग त्यात काय मोठं. तयारी होती हे खरंच, २०१२ च्या गेल्फंडविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या मॅचसाठी केलेली. पण आठेक महिन्यांनी ती नेमक्या क्षणी आठवणं आणि घड्याळ चालू असताना पुढचं बरोबर मोजणं हे सोपं नाही. आणि काळ कसा होता बघा, २०१२ चं जगज्जेतेपद ६-६ बरोबरीनंतर रॅपिड (कमी वेळाच्या) टायब्रेक डावांवर राखलेलं, आनंद संपला असं जिकडेतिकडे लिहिलं जात होतं. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये चेन्नईत जगज्जेतेपदाची मॅच कार्लसनकडून हरला, लोकांनी परत तेच लिहिलं, आणि मार्च २०१४ ला त्यानं कँडिडेट्स (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा) जिंकली, पहिल्याच फेरीत अरोनियनला हरवून. २०१७ ला ४८ व्या वर्षी रियाधला जागतिक रॅपिड विजेता. म्हणून म्हणतो डाव आणि कारकीर्द वेगळी बघू नका, तो डाव त्या माणसाच्या कुठल्या वर्षात आलाय हे माहीत असलं की चालींचं धाडस कळतं.

बघताना लाकडी पट मांडा, मोबाइलवर बोटानं पुढे पुढे ढकलू नका. काळ्याच्या बाजूनं बसा, पुढची चाल झाकून स्वतःची चाल लिहा मग उघडा. इंजिन सगळ्यात शेवटी, आणि तेही फक्त जिथे तुमची चाल वेगळी होती तिथे. ही जोडी झाली की १९०९ चा रुबिनस्टाइन विरुद्ध लास्कर घ्या, तो संथ आहे, त्याला दोन संध्याकाळी द्या. हत्तींच्या एंडगेममध्ये अडलात तर कितव्या चालीवर ते इथेच लिहा, मी बघतो.